साथीचे निर्बंध आणि परका माणूस

ता. २४ मार्च २०२० च्या रात्रीं सबंध देशाला एक आज्ञा मिळाली : घरींच राहा. आरंभीं ही टाळेबंदी २१ दिवसांची होती. पुढें ती ३ मेपर्यंत व त्यानंतरही वाढत गेली. आज्ञा ऐकतांच आपल्यासारख्या गृहस्थांच्या मनांत पहिला प्रश्न आला, तो बाहेर कसें पडावयाचें हा. भाजी कोण आणील, औषध कोठें मिळेल, कचेरीचें काय होईल, याच विवंचनेंत आपण होतों. परंतु त्याच रात्रीं देशांतील लक्षावधि माणसांपुढें नेमका उलटा प्रश्न उभा होता. घरीं राहावयाचें खरें, पण घर आहे कोठें? कोणी यात्रेला आलेला, कोणी शिक्षणासाठीं आलेला, कोणी कारखान्यांत मजुरीला आलेला. प्रत्येकाचें घर शेंकडों कोसांवर. नियम पाळण्याची त्यांची इच्छा नव्हती असें नाहीं. तो पाळावयास जी पहिली वस्तु लागते तीच त्यांच्यापाशीं नव्हती.

या माणसाविषयीं आज बोलावयाचें आहे. परदेश म्हटला कीं आपल्याला आतां विमान आणि पारपत्र आठवतें. पण मराठींत उत्तरेकडून येऊन इकडे वस्ती केलेल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या 'परदेशी' म्हणत आलेले आहेत. तें कित्येक घराण्यांचें आडनांवही होऊन बसलें आहे. आपल्या पूर्वजांच्या हिशेबीं जेथें भाषा बदलली आणि ओळखीचें माणूस संपलें, तेथें परदेश सुरू झाला. साथीच्या दिवसांत हाच अर्थ खरा ठरतो. साथीचा नियम सर्वांना सारखाच असतो. मग तो परक्याला अधिक कां जाचतो, तो त्याला सुसह्य कसा होईल, आणि यजमान गांवाचें त्यांत काय कर्तव्य आहे, हे तीन प्रश्न आज आपल्यापुढें आहेत. त्यांचीं उत्तरें शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांनीं त्या वर्षीं हा सारा धडा गिरविला आहे.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. साथीचे निर्बंध जन्मास आले ते मुळीं नवागतासाठींच. आड्रियाटिक समुद्राच्या कांठीं, आजच्या क्रोएशियांत, दुब्रोव्हनिक नांवाचें शहर आहे. त्या काळीं त्याला रागूझा म्हणत. तेथील शासनानें इ. स. १३७७ मध्यें असा ठराव केला कीं, प्लेग असलेल्या मुलखांतून येणाऱ्यानें शहरांत पाऊल टाकण्यापूर्वीं जवळच्या बेटावर अथवा नेमून दिलेल्या गांवीं एक महिना काढला पाहिजे. पुढें कित्येक ठिकाणीं ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि इटालियन भाषेंतील 'चाळीस' या शब्दावरून 'क्वारंटाईन' हा शब्द जगभर रूढ झाला. व्हेनिसनें १४२३ मध्यें एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठीं कायमचें रुग्णालय उभारलें. हीं शहरें व्यापारावर जगणारीं. येणाराला कायमचें दार लावून घेतलें असतें तर तीं उपाशी मेलीं असतीं. म्हणून त्यांनीं दार बंद न करितां दारापाशीं जणूं एक ओसरी बांधली. येणाऱ्यानें कांहीं दिवस ओसरीवर थांबावें, मग घरांत यावें. अलगीकरणाची मूळ कल्पना ही अशी आहे. हांकलून देणें हा तिचा अर्थ नव्हे.

त्या काळांत 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागीं वापरले गेले. ज्याला रोग झालेला आहे त्याला निरोगी माणसांपासून वेगळें ठेवणें हें विलगीकरण. ज्याला रोग आहे कीं नाहीं हेंच अजून ठाऊक नाहीं, पण संसर्गाशीं ज्याचा संबंध आला असण्याचा संभव आहे, त्याला मुदतीपुरतें वेगळें ठेवणें हें अलगीकरण. कोविडच्या बाबतींत ही मुदत चौदा दिवसांची धरली गेली. विषाणू शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा पांच-सहा दिवस जात, परंतु क्वचित् हा काळ चौदा दिवसांपर्यंत लांबे. शिवाय लक्षणें दिसण्याच्या एक-दोन दिवस आधींपासूनच त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होऊं शके. म्हणजे धडधाकट दिसणारा माणूसही रोग वाहून नेऊं शकत होता. येथेंच परक्या माणसाचें दुर्दैव ओढवलें. शास्त्र म्हणत होतें, 'या माणसाविषयीं अद्याप निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं.' समाजानें ऐकलें, 'हा माणूस रोगी आहे.'

मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रांत परदेशांतून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर, निवडणुकींत वापरतात तसल्या शाईनें, शिक्का मारण्यास आरंभ झाला. घरीं वेगळें राहण्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे हें त्यावर लिहिलेलें असे. मुंबईंतील शिक्क्यावर तर मुंबईकरांचें रक्षण करण्याचा अभिमान वाटतो, अशा आशयाचे शब्द होते. तो सन्मानाचा शिक्का असावा अशी योजना होती. पण थोड्याच दिवसांत असे शिक्के असलेले चार प्रवासी रेल्वेनें जात असतां सहप्रवाशांनीं ओरड केली आणि त्यांना पालघर स्थानकावर उतरवावें लागलें. त्यांनीं मुदतींत प्रवास करावयास नको होता हें खरेंच. परंतु घरीं राहण्याचा शिक्का मारला आणि त्या घरीं पोंचावयाचें कसें हें ठरविलें नाहीं, तर दुसरें काय होणार?

आपल्याकडे संशय आणि सक्ति यांची किंमत एकदां फार मोठी मोजावी लागली होती. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचे रोगी प्रथम ओळखले. त्यानंतर मुंबईंतून लाखों लोक आपापल्या गांवीं निघून गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होऊं लागली, संशयितांना छावण्यांत नेऊं लागले. पुण्यांत घरोघर झडतीसाठीं गोरे शिपाई शिरले आणि त्याचा शेवट कसा झाला हें सर्वश्रुत आहे. रोग आटोक्यांत आणणें हा हेतु योग्यच होता. पण ज्या छावणींतून माणूस परत येईल याचा भरंवसा नाहीं, तिच्या भीतीनें लोक आपले आजारी लपवूं लागले, आणि लपविलेला रोग दुप्पट पसरतो. त्याच दिवसांत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. कायदा धाक दाखवूं शकतो. विश्वास मात्र सेवेनेंच मिळवावा लागतो. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत निर्बंध लागले ते याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेऊन. त्यामुळें कायद्याबरोबर त्याचा जुना धडाही आपल्याकडे आला होता. तो आपण कितपत वाचला, हें आतां पाहूं.

नांदेडपासून सुरुवात करूं. गोदावरीच्या कांठच्या या शहरांत १७०८ मध्यें श्रीगुरु गोविंदसिंग यांनीं देह ठेविला. येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक होय. पंजाब, हरियाणा, दिल्ली येथून वर्षभर यात्रेकरू येथें येत असतात. होळीच्या सुमारास होला मोहल्ल्याच्या उत्सवाला तर विशेष गर्दी होते. २०२० सालीं हा उत्सव मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत झाला. त्यासाठीं व त्यानंतर आलेले यात्रेकरू नांदेडांत असतांनाच रेल्वे बंद झाली, विमानें थांबलीं, राज्यांच्या सीमा मिटल्या. सुमारें चार हजार यात्रेकरू येथें अडकून पडले.

अडकलेल्या माणसांत हे त्यांतल्या त्यांत भाग्यवान् म्हटले पाहिजेत. गुरुद्वाऱ्यांच्या यात्रीनिवासांत त्यांना निवारा होता आणि लंगरांत दोन वेळचें जेवण होतें. लंगराची रीत अशी कीं, तेथें येणाराला तूं कोणाचा, कोठला, असें विचारीत नाहींत. जगांतील पुष्कळ मोठ्या शहरांना त्या वसंत ऋतूंत जें साधलें नाहीं तें या जुन्या प्रथेनें सहज साधलें. पण अन्न आणि निवारा मिळाला म्हणजे घर मिळालें असें होत नाहीं. म्हाताऱ्या माणसाचें नेहमींचें औषध संपतें. घरीं कोणी आजारी पडल्याची बातमी येते आणि जातां येत नाहीं. एप्रिल हा पंजाबांत गव्हाच्या कापणीचा महिना. ज्याचें उभें पीक शेतांत आहे त्याला यात्रीनिवासांतील प्रत्येक दिवस वर्षाएवढा वाटला असेल. ज्याचें जळतें त्याला कळतें, असें आपण म्हणतों तें यालाच.

महिनाभरानें केंद्र सरकारची परवानगी मिळाली. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारनें पाठविलेल्या व इतर गाड्यांतून दीड हजार किलोमीटरांहून लांबचा प्रवास करून हे लोक आपल्या प्रांतीं पोंचले. तेथें त्यांची तपासणी सुरू झाली, आणि त्यांतील हजाराहून अधिक लोकांना लागण झाल्याचें आढळून आलें. पंजाबांत खळबळ उडाली. आरंभीं कित्येकांना थेट घरीं जाऊं दिलें होतें. आतां सर्वांना सरकारी केंद्रांत २१ दिवस ठेवण्याचा हुकूम निघाला. इकडे मे महिन्याच्या आरंभीं नांदेडांतील लंगर साहिब गुरुद्वाऱ्याच्या कांहीं सेवेकऱ्यांना, तसेंच यात्रेकरूंना पोंचवून आलेल्या कांहीं गाडीचालकांना लागण झाल्याचें दिसून आलें.

मग दोन राज्यांत वाद सुरू झाला : रोग नांदेडांत लागला, कीं वाटेंत लागला, कीं पंजाबांत लागला? शास्त्रदृष्ट्या हा वाद मिटणें फार अवघड होतें. ज्या रोगाचा सुप्त काळ दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत कितीही असूं शकतो, आणि प्रवास ज्यांत दोन-तीन दिवसांचा, तेथें केवळ तपासणीच्या तारखेवरून लागणीचें ठिकाण ठरवितां येत नाहीं. नांदेड जिल्ह्यांत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकाही रुग्णाची नोंद नव्हती, हें खरें. पण नोंद नसणें आणि रोग नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हेंही तितकेंच खरें. या वादांत यात्रेकरूंची गति मात्र चमत्कारिक झाली. नांदेडांत ते पंजाबचे होते, आणि स्वतःच्या पंजाबांत ते 'नांदेडचे' झाले. परकेपणा माणसाबरोबर प्रवास करून त्याच्या दारापर्यंत जातो, तो असा.

नांदेडचा धडा दुहेरी आहे. परक्याला छप्पर आणि अन्न दिलें तर तो शांतपणें नियम पाळतो, हा पहिला. आणि मोठ्या समुदायाला एका छपराखालीं ठेवलें तर निघतांना तपासणी, वाटेंत विरळ बसण्याची सोय आणि पोंचल्यावर मुदतीपुरती ओसरी, या तीन गोष्टी टाळतां येत नाहींत, हा दुसरा. केवळ प्रेमानें रोग थांबत नाहीं. सिंगापुरांत याचें फार मोठें प्रत्यंतर आलें. तेथें तीन लाखांहून अधिक परदेशी कामगार दाटीच्या वसतिगृहांत राहत होते. त्यांना आंतच कोंडून ठेवण्यांत आलें. डिसेंबर २०२० मधील सरकारी माहितीप्रमाणें त्यांतील जवळजवळ निम्म्यांना केव्हांना केव्हां लागण होऊन गेली होती. ओसरी फार दाट झाली कीं तीच रोगाचें घर बनते.

आतां लातूर जिल्ह्याकडे येऊं. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यांत हरियाणांतून आंध्र प्रदेशांतील आपल्या गांवांकडे परतणारे बारा जण निलंगा येथील एका मशिदींत मुक्कामाला होते. तपासणींत त्यांपैकीं आठ जणांना लागण झाल्याचें निघालें. लातूर जिल्ह्यांतील हे पहिले रुग्ण. निलंग्यांत काय भीति पसरली असेल याची कल्पना करावयास कष्ट नकोत. त्या दिवसांत प्रवासी, परप्रांतीय आणि त्यांतून एका विशिष्ट धर्माचा, असा तिहेरी संशय कित्येक निरपराध माणसांना देशभर सोसावा लागत होता. त्या आठ जणांवर लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत उपचार झाले आणि ते बरे झाले. आंध्रांतील या माणसांना ओळखीचें कोणी नाहीं, आणि बाहेर गांव भयभीत. अशा वेळीं ज्या डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं त्यांना खाटेवरचा रुग्ण एवढ्याच नात्यानें पाहिलें, त्यांनीं साथीच्या शास्त्राचें निम्मे काम केलें असें मी म्हणेन. कारण उपचार मिळतो ही खात्री झाली कीं पुढचा माणूस आपला ताप लपवीत नाहीं.

लातूर हें शिक्षणाचें गांव. 'लातूर पॅटर्न'च्या नांवलौकिकामुळें शेजारच्या जिल्ह्यांतून हजारों मुलें येथें खोली घेऊन किंवा वसतिगृहांत राहून शिकतात. खाणावळ बंद झाली कीं त्या मुलाचें घर निम्मे कोसळतें. हींच गोष्ट आपलीं मुलें बाहेर असतांना आपल्या ध्यानांत येते. राजस्थानांतील कोटा येथें शिकवणीसाठीं गेलेलीं महाराष्ट्राचीं मुलें महिनाभर तेथें अडकून होतीं. एप्रिलच्या अखेरीस धुळ्याहून एस. टी.च्या गाड्या जाऊन त्यांना घेऊन आल्या. मराठवाड्याचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्यांच्या परिसरांत कोप्यांत अडकले होते. त्यांची संख्या लाखाहून अधिक होती. गळीत संपलें, काम संपलें, पण गांवीं जातां येईना. एप्रिलच्या मध्यास आरोग्यतपासणी करून त्यांना परत धाडण्याचा निर्णय झाला. येथें एक कडू गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. बाहेर परका ठरलेला हा माणूस स्वतःच्या गांवच्या वेशीवर आला, तेव्हां कित्येक ठिकाणीं वेशीवर कांटे टाकून ठेवलेले होते. आज जो यजमान आहे तो उद्यां पाहुणा होतो, आणि परवां स्वतःच्याच गांवीं परका होऊं शकतो.

जेथें ओसरीही मिळाली नाहीं तेथें काय झालें, हें सांगणें जड जातें, पण सांगितलें पाहिजे. जालना येथील एका पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशाचे वीस मजूर घराकडे जाणारी गाडी मिळेल या आशेनें भुसावळच्या दिशेनें रूळांच्या कडेनें चालत निघाले. रात्रभर चालून थकल्यावर ते करमाडजवळ रूळांवरच विसांवले. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. ८ मे २०२० च्या पहांटे मालगाडी आली आणि त्यांतील सोळा जण प्राणास मुकले. करमाड हें तेव्हांच्या औरंगाबाद, आतांच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील गांव. आम्हीं प्रवासाच्या परवान्यासाठीं अर्ज केला होता, पण उत्तर आलें नाहीं, असें वांचलेल्यांपैकीं एकानें सांगितल्याचें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आधीं आठवडाभर, १ मेपासून, मजुरांसाठीं खास गाड्या देशांत सुरू झालेल्या होत्या. उतारू-गाड्या बंद, पण मालगाड्या चालू. खास गाड्या सुरू, पण त्यांत जागा मिळवावयाची कशी हें अज्ञात. एवढ्याशा माहितीच्या अंतरांत सोळा माणसें गेलीं.

श्रोतेहो, या सर्व हकीकती एकत्र ठेवून पाहिल्या, म्हणजे परक्या माणसाला साथींत चार गोष्टींची उणीव भासते असें दिसतें : छप्पर, भाषा, कागद आणि ओळख. छपराविषयीं वर बोललों. बाकीच्या तिहींचा विचार करूं.

भाषेची उणीव सर्वांत फसवी. नियम रोज बदलत होते, आणि जिल्ह्या-जिल्ह्याचे हुकूम निराळे होते. स्थानिक माणसाला ते वर्तमानपत्रांतून, शेजाऱ्याकडून, दुकानदाराकडून कळत. परक्याला कळत ते अफवांतून. म्हणून जो परमुलुखांत आहे त्यानें पहिला नियम असा करावा कीं, बातमी कोठलीही येवो, जिल्हाधिकाऱ्याचा मूळ हुकूम कोणाकडून तरी वाचून घेतल्यावांचून पाऊल उचलावयाचें नाहीं. आणि यजमान शहरानें असें करावें कीं, येथें कोणकोणत्या भाषांचीं माणसें राहतात याची आधींच माहिती ठेवून हुकुमाचा सारांश त्या भाषांत द्यावा. नांदेडास तेलुगु व पंजाबी, लातुरास कानडी व तेलुगु जाणणारीं माणसें शोधावयास फार हिंडावें लागणार नाहीं.

कागदाची उणीव पोटावर येते. शिधापत्रिका गांवीं, माणूस शहरांत. मग स्वस्त धान्य कोठलें? त्या दिवसांत महाराष्ट्रांत शिवभोजन थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपये केली गेली. तिच्यासाठीं शिधापत्रिका दाखवावी लागत नसे, म्हणून ती परक्याच्या खरी उपयोगी पडली. पुढें २९ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांना 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना ३१ जुलैपर्यंत लागू करण्याचा आदेश दिला. तिच्यामुळें एका राज्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या राज्यांत धान्य घेतां येतें. पोर्तुगालनें मार्च २०२० मध्यें याहून पुढचें पाऊल टाकलें. ज्या परदेशीयांचे वास्तव्याचे अर्ज निकालांत निघावयाचे होते, त्या सर्वांना त्यानें तात्पुरतें कायदेशीर रहिवासी मानलें, म्हणजे आजारी पडल्यास सरकारी दवाखान्यांत जातांना त्यांना भय वाटूं नये. यांत दया होतीच, पण मुख्यतः व्यवहार होता. ज्याला दवाखान्याचें भय, त्याचा रोग साऱ्या गल्लीला भोंवतो.

परगांवीं राहणाऱ्यानें स्वतःच्या बाजूनें एवढें जरूर करावें. ओळखपत्र, पारपत्र, विद्यालयाचें किंवा कारखान्याचें पत्र यांच्या दोन-दोन प्रती जवळ ठेवाव्या, आणि एक प्रत घरच्या माणसाकडे असावी. आपला सध्यांचा पत्ता घरमालकाच्या अथवा वसतिगृहाच्या प्रमुखाच्या सहीनें लिहून घ्यावा. नेहमींचें औषध महिन्याभराचें शिल्लक असावें आणि त्याचें मूळ नांव लिहून ठेवावें, कारण परमुलुखांत व्यापारी नांवें बदलतात. देशाबाहेर असल्यास आपल्या वकिलातींत नांव नोंदवावें. ७ मे २०२० पासून परदेशस्थ भारतीयांना आणण्यासाठीं जी 'वंदे भारत' मोहीम निघाली, तिच्या विमानांत जागा मिळावयाची ती वकिलातीकडे केलेल्या अशा नोंदणीवरच.

उरली ओळख. तीच सर्वांत दुर्मिळ. परक्या गांवीं एक तरी स्थानिक माणूस असा असावा कीं, जो आपल्याविषयीं दोन शब्द बोलेल. तो दुकानदार असो, शिक्षक असो, शेजारची आजी असो. साथ येण्यापूर्वीं, चांगल्या दिवसांतच ही ओळख करून ठेवावी, कारण दारें बंद झाल्यावर ती होत नाहीं. त्या माणसाशीं आणि सरकारी तपासनिसाशीं खरें बोलावें. कोठून आलों, कोणाला भेटलों, ताप केव्हां आला, हें लपविल्यानें चार दिवस सुटतात आणि विश्वास मात्र कायमचा जातो. एकांताचे दिवस असतील तर त्यांना वेळापत्रक द्यावें. उठण्याची, व्यायामाची, जेवणाची, घरीं बोलण्याची वेळ ठरलेली असावी. घरच्यांशीं ठराविक वेळीं बोलावें, म्हणजे अवेळीं वाजलेल्या फोनानें दोन्हीकडचीं काळजें लकाकणार नाहींत. आणि त्या गांवच्या भाषेंतील निदान दहा वाक्यें शिकावीं : मला बरें वाटत नाहीं, दवाखाना कोठें आहे, मी अमक्या घरीं राहतों, आणि आपले उपकार झाले.

यजमानाला सांगावयाचें तें थोडक्यांत सांगतां येईल. आपल्या गल्लींत, आपल्या इमारतींत, मुलांच्या वसतिगृहांत, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत कोण परगांवचें राहतें, हें आपल्याला आज ठाऊक आहे काय? साथ आल्यावर याद्या करण्यापेक्षां हें आधीं ठाऊक असणें हजारपटीनें बरें. वेगळें ठेवलेल्या माणसाच्या दारांत डबा ठेवून लांबून हांक मारणें, त्याचें औषध आणून देणें, नवीन हुकूम त्याला समजावून सांगणें, यांत संसर्गाचें भय नाहींसारखेंच आहे. आणि यांत केवळ उपकारही नाहीं. हांकललेला माणूस रोग बरोबर घेऊन चालूं लागतो; घाबरलेला माणूस तो लपवितो; ज्याला आसरा आणि विश्वास मिळाला तोच तेवढा एका जागीं थांबतो. आणि साथींत आपल्याला त्याच्याकडून नेमकें एवढेंच हवें असतें, कीं त्यानें थांबावें.

पुढची साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल एवढें इतिहास सांगतो. त्या वेळीं पुन्हां आज्ञा निघेल : घरीं राहा. ती कानीं पडतांच आपल्या घराकडे पाहून झाल्यावर एकदां शेजारच्या कुलूप नसलेल्या, पण घरही नसलेल्या खोलीकडे पाहावें, आणि तेथल्या माणसाला विचारावें : तुमचें कसें काय? या प्रश्नाला खर्च नाहीं. करमाडच्या वाटेवर निघण्यापूर्वीं त्या वीस जणांना तो वेळेवर कोणीं विचारला असता, आणि उत्तर ऐकून त्यांच्या अर्जाची चौकशी केली असती, तर कदाचित् सोळा घरांत आज दिवा असता.